फटफटीच्या रिंगणातलं शेत

परभणी जिल्ह्यात निजामाच्या काळात मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या असं मी सांगितलं, की माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग माझ्या मुलाकडं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्या बघण्यात असतं. ह्या अंकाच्या संपादकांनी 'येलदरीच्या धरणावरचे अनुभव लिहा' म्हणून पत्र पाठवलं तेव्हा मी त्यांना कळवलं, की धरणावर मी वर्षानुवर्षं रोलर चालवला, पण तिथं माझ्या हातून कुणाचं काही बिघडलं नाही. लिहायचं तर मला रिंगणाबद्दल लिहायचं आहे. त्यांनी मान्य केलं. मी सांगतो आणि मुलगा लिहून घेतो.

वालूरहून जिंतूरकडं जाताना डाव्या हाताला एक उघडा माळ लागायचा. कुसळी गवत, पळसाची चार झाडं, बाकी मुरूम. माळासकट आजूबाजूची गावं एका जागीरदाराकडं होती. जागीरदारसाहेब वयस्क, शांत माणूस. पण त्यांचा पुतण्या अन्वरमियाँ हैदराबादेत शिकून आला तो मोटारसायकल घेऊनच. आम्ही तिला फटफटी म्हणायचो. गावात ती शिरली की कोंबड्या आढ्यावर चढायच्या आणि म्हाताऱ्या दार लावून घ्यायच्या.

मी तेव्हा सडकेच्या कामावर होतो. दगडी रोलरला बैलांच्या दोन जोड्या जुंपून दाबलेल्या मुरमावरून फिरवायचा, हे माझं काम. एक दिवस अन्वरमियाँ आमच्या ताज्या सडकेवर फटफटी घालून आले. मी आडवा गेलो आणि म्हटलं, "सरकार, अजून वल हाय. चाक रुतंल आणि माझं कामबी नासंल." बरोबरच्या माणसांना वाटलं आता मला चाबूक बसणार. अन्वरमियाँ खाली उतरले, बोटानं मुरूम दाबून बघितला आणि विचारलं, "तेरा नाम क्या रे?" मी किसन म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी मला गढीवर बोलावणं आलं. त्यांना माळावर शर्यतीचं रिंगण करायचं होतं.

हे काम नेमकं कसलं, ते सांगतो. घोड्याच्या शर्यतीला जमीन मऊ लागते. फटफटीला ती कडक लागते, पण दगडासारखी कडक चालत नाही, चाकाला धरायला काहीतरी हवं. आधी खाली मोठे दगड, त्यावर जाड मुरूम, पाणी मारून रोलर, परत पाणी, परत रोलर. सगळ्यात वर चाळलेल्या मुरमाचा पातळ थर. शर्यतीच्या आदल्या दिवशी गढीच्या मोटारीचं जळकं तेल पाण्यासंगं शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते. बघणाऱ्याला वाटतं वेग जीव घेतो. खरा जीव धूळ घेते, कारण मागच्याला पुढचं काहीच दिसत नाही.

पहिल्या वर्षी मी वळणं सडकेसारखी सपाट केली. सहा जण शर्यतीला उतरले आणि सुपातून दाणे उडावेत तसे सहाही जण एकाच वळणावर बाहेर फेकले गेले. कुणी मेलं नाही हे नशीब, पण एकाचा खुबा गेला. मी बघतच राहिलो. इतका जीव लावून केलेलं काम माणसं फेकून देतं, हे मला कळेना. अन्वरमियाँनी त्याच संध्याकाळी पाण्यानं भरलेला लोटा दोरीला बांधला आणि गरगर फिरवला. लोटा आडवा झाला तरी पाणी सांडलं नाही. "देख्या क्या? पानी बाहर ढकलताय, लोट्याका बूड रोकताय," ते म्हणाले. मग मला उमगलं. पुढच्या वर्षी वळणाची बाहेरची कड मी पुरुषभर उंच उचलली, लोट्याच्या बुडासारखी. त्यानंतर कुणी फेकला गेला नाही. दरसाल हुरड्याच्या दिवसांत शर्यत व्हायला लागली. परभणीहून, जालन्याहून, सिकंदराबादेहून माणसं फटफट्या घेऊन यायची आणि गाडीबैल जुंपून सगळा मुलूख बघायला लोटायचा.

मला आणखी एक गोष्ट यायला लागली होती. प्रत्येक फटफटीचा आवाज मला ओळखू यायचा. रोलर फिरवताना दिवसभर सराव चालायचा, त्यातून कान तयार झाला. एकदा अन्वरमियाँनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून सात गाड्या समोरून सोडल्या. सातही कुणाकुणाच्या, ते मी ओळीनं सांगितलं. जागीरदारसाहेबांनी मला सगळ्यांदेखत पटका बांधला. त्या पटक्याचा मला फार अभिमान होता. पुढं काय झालं ते कळण्यासाठी हे सांगणं भाग आहे.

त्या सात जणांत फ्रान्सिस होता. पूर्णा जंक्शनवर रेल्वेत फिटर. बाकीचे सगळे पैसेवाल्यांच्या घरचे. हा एकटा हातानं काम करणारा. भंगारातून सुटे भाग जमवून त्यानं स्वतःची गाडी उभी केली होती. तिचा आवाज इतरांपेक्षा बारीक होता, शिवणयंत्रासारखा. शर्यतीच्या आधी चार दिवस तो यायचा आणि माझ्याच खोपटात राहायचा. माझ्या बायकोच्या हातची ज्वारीची भाकरी आणि हिरवा ठेचा खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तो परत मागून घ्यायचा. वळणाच्या कडेवर पालथा पडून तो मुरमाला डोळा लावून उंची बघायचा आणि म्हणायचा, "किसन, तू रेल्वेत पाहिजे होतास."

आता गंगाकाकूंचं सांगतो.

त्या माळाच्या मधोमध काळ्या मातीचा एक पट्टा होता, दोन-अडीच एकराचा, आणि त्यात बारमाही पाण्याची विहीर. ते शेत गंगाकाकूंचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक बैल स्वतःचा आणि दुसरा पेरणीपुरता कुणाचा तरी मागून आणलेला. रिंगण आखलं तेव्हा जागीरदारसाहेबांनी त्यांना दुसरीकडं जमीन देऊ केली. काकू गढीवर जाऊन म्हणाल्या, "जमीन देताल सरकार, हीर कुठून देताल?" साहेब हसले आणि शेत तसंच राहू दिलं. रिंगण त्या शेताभोवतीनं फिरलं. काकूंचं घर बाहेर आणि शेत आत. जायचं-यायचं तर रिंगण ओलांडून.

मी काकूंना शब्द दिला होता, की रिंगणाच्या खालून मोरी काढून देतो, बैल जाईल एवढी. गढीवर विचारलं तर 'नाही' आलं. मोरीवर भराव कितीही दाबला तरी थोडा उंचवटा राहणार, वेगाला अडचण होणार. मग ठरलं असं, की काट्यांच्या कुंपणात एक फट ठेवायची, तिथं दोर बांधायचा. एरवी काकूंनी दोर उचलून खुशाल जावं. शर्यतीच्या दिवशी पहिला बार उडाल्यापासून शेवटचा बार उडेपर्यंत दोर उचलायचा नाही. त्या दिवशी दोरापाशी मी उभा राहायचो.

चार वर्षं असं सुरळीत चाललं.

त्या वर्षी अन्वरमियाँचा हात सरावात दुखावला होता, म्हणून ते शर्यतीत नव्हते. पळसांच्या पलीकडं मचाण बांधलं होतं, त्यावर दुर्बीण घेऊन बसले होते. बार उडाला, सात गाड्या सुटल्या. पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील. काकू पहाटेच शेतात गेलेल्या होत्या. त्या आतल्या बाजूनं बैलाला ओढत दोरापाशी आल्या. बैलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. दंवात भिजलेल्या हरभऱ्यात शिरून त्यानं पोटभर खाल्लं होतं.

"किसना, दोर उचल," काकू म्हणाल्या.

"शर्यत चालू हाय, काकू."

"ते मला दिसायलंय. बैल मरायलाय. गावात नेला तर वैदू पोट टोचून वारा काढतो. हितं ठिवला तर दुपार बघायचा न्हाई."

"थोडं थांबा."

"किती थांबू? तूच सांग, कवा येतेत आन् कवा जातेत. तुला तर आवाज कळतो म्हणं."

खरं तर मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण त्यांनी माझ्या कानाचं नाव काढलं. मी कान दिला. सहा गाड्या समोरून गेल्या. एकेक ओळखली, एकेक मोजली. सातवी फ्रान्सिसची. ती दोन फेऱ्यांपूर्वी बंद पडलेली मी स्वतः पाहिली होती. पलीकडच्या अंगाला रिंगणाच्या बाहेर तो गाडीवर वाकून बसला होता. म्हणजे सहाच उरल्या, आणि त्या परत यायला निवांत साठ आकडे मोजण्याइतका वेळ होता. बैल ओलांडायला वीस पुरे.

मी दोर उचलला.

बैल मधोमध आला आणि उभा राहिला. फुगलेल्या पोटानं त्याला पाय उचलवेना. काकू पुढून ओढत होत्या, मी मागून शेपूट पिळत होतो. तेवढ्यात शिवणयंत्राचा आवाज आला.

तो आवाज इतका जवळ होता, की मी आधी खोटाच मानला. वारा उलटा होता. पळसापर्यंत येईतो काही ऐकू आलंच नव्हतं. पटका सोडून हातात घेतला आणि तो हलवत मी वळणाकडं पळत सुटलो. फ्रान्सिसनं मला पाहिलं. गाडी त्यानं वर, बाहेरच्या कडेवर घातली. शहाणपणानंच घातली, तेवढीच जागा मोकळी होती. मागचं चाक बैलाच्या पुठ्ठ्याला लागलं आणि गाडी मी पुरुषभर उचललेल्या कडेवरून पलीकडं गेली. पलीकडं आम्ही चाळून टाकलेले दगड होते.

मी कडेवर चढून खाली बघितलं. गाडी आडवी पडून चालूच होती, चाक फिरत होतं. फ्रान्सिस उताणा. चष्म्याच्या काचा शाबूत होत्या. मी त्याच्याजवळ बसलो तेव्हा तो शुद्धीवर होता.

"गाडी बंद कर," तो म्हणाला. मी ती कशी तरी बंद केली. मग म्हणाला, "प्लगमध्येच कचरा होता. साफ केला. आता बघ किती चांगली चालत होती."

त्याला जागीरदारसाहेबांच्या मोटारीत घालून परभणीच्या दवाखान्याकडं नेलं. परभणी यायच्या आत तो गेला. काकूंचा बैल रिंगणातच मरून पडला होता. उरलेल्या सहा जणांनी कुणी न सांगता गाड्या थांबवल्या होत्या. मला आठवतं ते एवढंच, की मी सुटलेला पटका परत डोक्याला बांधायचा प्रयत्न करत होतो आणि तो मला बांधता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फटीपाशीच पंचनामा झाला. अमीनसाहेब, म्हणजे त्या वेळचे फौजदार, आले होते. मुन्शी उर्दूत लिहून घेत होता. जागीरदारसाहेब खुर्चीवर, अन्वरमियाँ त्यांच्या मागं उभे, हात गळ्यात बांधलेला. समोर मी आणि काकू. अमीनसाहेबांनी साधा प्रश्न केला. दोर कुणी उचलला?

उत्तर माझ्या तोंडात होतं. रात्रभर ते मी घोकलं होतं. पण ते बाहेर पडलं नाही. मी त्या दोराकडं बघत राहिलो.

"म्या उचलला," काकू म्हणाल्या.

अमीनसाहेबांनी विचारलं, "हा माणूस कुठं होता?"

"पलीकडं तोंड करून हुता. याला ठावंबी न्हाई. बैल मरायलाय म्हणून म्याच दोर काढला आन् निघाले."

त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. ही बाई हे का बोलतेय, ते मला कळेना, आणि मी गप्प का आहे, तेही कळेना. मुन्शीनं लिहिलं. काकूंचा अंगठा घेतला, माझा घेतला. माझ्या अंगठ्याखाली काय लिहिलंय, ते मला वाचता येत नव्हतं, पण मला ते पक्कं माहीत होतं.

जागीरदारसाहेबांनी काकूंना चार दिवस गढीच्या पागेत बसवून ठेवायचा हुकूम केला. त्या काळच्या मानानं ती शिक्षा हलकीच. मी रोज भाकरी घेऊन जायचो. जाताना ठरवायचो, की आज बोलायचं. त्या भाकरी घ्यायच्या, खायच्या आणि विचारायच्या, "हरभऱ्याला पाणी दिलास का?" मी हो म्हणायचो. एवढंच बोलणं.

आठव्या दिवशी फ्रान्सिसची बायको आली. बरोबर दीर होता. सेलूपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीनं. काळी साडी, पायात चपला, वय माझ्या बायकोएवढं. तिला जागा बघायची होती. मी दाखवली. ती कडेवर चढली, खालचे दगड पाहिले, मग फट पाहिली. रडली नाही. ती म्हणाली, "ते घरी सांगायचे, इथं एक माणूस आहे, डोळे बांधून गाड्या ओळखतो. त्याच्याकडं ते राहायचे. त्याला ह्यांचा आवाज आला नाही का? तो कुठं होता?"

दीर खाली मान घालून उभा होता. मी म्हणालो, "तो त्या दिवशी इथं नव्हता."

"मग बरं," ती म्हणाली. "नाहीतर त्याला फार लागलं असतं."

चाळीस वर्षं झाली. धरणावर काम करताना, मुलीच्या लग्नात, दाढी करताना आरशासमोर, कुठंही हे वाक्य मला ऐकू येतं, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखंच. पुढं एकदा हिंमत करून मी पूर्णेला गेलो होतो. रेल्वेच्या त्या खोल्यांत दुसरं कुणी राहत होतं. बाई मुलांना घेऊन सिकंदराबादकडं माहेरी गेली, एवढंच कळलं. माझा शोध मी तिथंच थांबवला. थांबवायला नको होता.

पुढच्या साली लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं आणि शर्यती आपोआप बंद पडल्या. रिंगणाची राखण तेवढी माझ्याकडं राहिली. काम काहीच नव्हतं. मी कुणाला न विचारता मोरी खणायला घेतली. ज्या फटीत दोर होता, तिथंच, वळणाच्या अलीकडं. दोन वडार गडी मदतीला घेतले, घडीव दगडाच्या भिंती घातल्या, वर लांब शिळा टाकल्या, त्यावर मुरूम. दाबून दाबून सपाट केलं, तरी टाचेला कळेल एवढा उंचवटा राहिलाच. काकू आल्या, वाकून आत बघितलं, नवा बैल घेऊन पलीकडं गेल्या आणि परत आल्या. "डोकं लागत न्हाई," म्हणाल्या. ती माझी शाबासकी.

लढाई संपली. पेट्रोल परत मिळायला लागलं तेव्हा अन्वरमियाँ हैदराबादेहून आले आणि रिंगणावर एक चक्कर टाकली. मोरीवर गाडी जराशी उडाली. पुढच्या फेरीला त्यांनी तिथंच गाडी थांबवली, उतरले, खाली वाकून मोरी बघितली. मी जवळ गेलो. आता मात्र बोललो. सगळं एका दमात सांगून टाकलं, दोर, बैल, सहा गाड्या, कान. त्यांनी मला हाकलून द्यावं, पोलिसात द्यावं, काहीही करावं, असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "मालूम है."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दुर्बीण में से देख्या ना मैं. तू दोर उठाया. सब देख्या."

"मग सरकार, पंचनाम्याला तुमी का न्हाई बोलले?"

त्यांनी बुटाच्या टोकानं मोरीचा दगड हलवून बघितला. तो हलला नाही. "तू मोरी मांगने आया था ना गढीपे? चाचा तो हौ बोल रहे थे. मैंच नक्को बोल्या. गाडी उछलती बोलके."

म्हणजे माझी विनंती जागीरदारसाहेबांनी नाकारलीच नव्हती. एका उंचवट्यासाठी ती ह्यांनी खोडली होती, आणि माझ्यासारखेच हेही इतकी वर्षं गप्प राहिले होते. राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघं मालक आणि नोकर, शिकलेला आणि अडाणी, त्या मोरीपाशी एकाच पायरीवर उभे होतो, आणि एकटी निर्दोष बाई पागेत बसून आली होती.

त्यानंतर एकच शर्यत झाली. अन्वरमियाँ धावले आणि मोरीच्या जागी दर फेरीला गाडी हळू करत गेले. शेवटून दुसरे आले. बघणाऱ्यांना वाटलं, ह्यांना आता जमत नाही.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षात आमच्या भागानं जे पाहिलं ते लिहिणारे लिहितील. मी रिंगणापुरतं बोलतो. पोलीस ॲक्शनच्या आधीच गढी ओस पडायला लागली होती. अन्वरमियाँ दिवसाउजेडी निघाले, चाचांना मोटारीत बसवून. फटफटी गढीतच राहिली. जाताना रिंगणापाशी त्यांनी मोटार थांबवली. मला वाटलं, काही सांगतील. त्यांनी विचारलं, "वो बाई अंदर है क्या?" मी म्हटलं, आहे, शेतात. ते उतरले, वाकून मोरीतून आत गेले. मी बाहेरच थांबलो. त्यांचं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या पाठीला माती लागली होती आणि हातात हरभऱ्याचे डहाळे होते. मोटार निघून गेली. पुन्हा ते मला दिसले नाहीत.

रिंगण पडून राहिलं. पुढं जमिनीची वाटणी होताना त्याचा एक तुकडा, दोर होता तिथपासून वळणापर्यंतचा, काकूंच्या शेताला जोडून त्यांच्या नावावर झाला. काकूंनी नांगर घातला. फाळ आत जाईना. मी इतक्या वर्षांत दाबून दाबून ती जमीन अशी केली होती, की दोन बैल बदलले, एक फाळ मोडला, पण ढेकूळ निघालं नाही. आपल्या कामाचा असा दाखला कुणाला मिळू नये. मी पहार घेऊन गेलो. दिवसाला चार-पाच हात फुटायचं. काकू मागून दगड वेचत यायच्या.

तिथंच, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मी पहार टेकून त्यांना विचारलं. "काकू, तुमी माझ्यावरचं तुमच्या अंगावर का घेतलात?"

त्या दगड वेचायच्या थांबल्या नाहीत.

"तुझ्यासाठी न्हाई घेतलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"तुला काढलं असतं. दुसरा आला असता. त्यानं मला एरवीबी दोर उचलू दिला नसता. माझं शेत आत हुतं का न्हाई?" त्यांनी पाटीतले दगड बांधावर ओतले. "मेल्याला काय मी परत आणणार हुते? मला उद्या हरभऱ्याला पाणी द्यायचं हुतं."

इतकी वर्षं मी मनात त्यांच्या पायावर डोकं ठेवत आलो होतो. त्यांनी माझ्यावर उपकार केले, माया केली, असं मी धरून चाललो होतो, आणि त्या ओझ्याखाली जगत होतो. आणि ह्या बाईनं फौजदारासमोर, खुर्चीतल्या जागीरदारासमोर, एका क्षणात आपल्या वाटेचा हिशेब केला होता. मी नव्हतोच त्यात. मी पहार तशीच टेकून उभा राहिलो. त्यांना ते दिसलं असावं, कारण मग त्या जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्याची बायको आली हुती तवा तू खोटं बोललास, ते ऐकलं म्या. हिरीवर हुते. ते मातर तू माझ्यावर ढकलू नकोस. ते तुझं हाय."

"व्हय," मी म्हणालो.

"मग झालं. मार पहार. ह्या साली निदान वळणापतोर तरी निघू दे."